कंसात दोन

मामा : (जन्म दुष्काळाच्या साली – ). नगरपालिकेच्या मूषक निर्मूलन विभागातील कनिष्ठ कर्मचारी. नगराध्यक्षपदाच्या निवडणुकीत सख्ख्या थोरल्या बहिणीकडून दारुण पराभव झाल्यावर त्यांनी सार्वजनिक जीवनातून अंग काढून घेतले व पिंजरे लावण्याच्या कामी स्वतःला वाहून घेतले. त्यांच्या कारकिर्दीत उंदरांची संख्या वाढली. उंदरांनी त्यांना आपला नेता मानले होते, असे काही अभ्यासकांचे मत आहे. तथापि उंदरांची निवड इतकी वाईट नसते, असेही मत आढळते.

मी वाचून दाखवलं. आई उशीला टेकून डोळे मिटून ऐकत होती.

"'तथापि' फार छान आहे," ती म्हणाली. "पण नुसते उंदीर पुरत नाहीत. अजून काहीतरी चावव त्याला."

खुब्याचं हाड मोडल्यापासून आईचा हाच विरंगुळा होता. मी नगरकोशाच्या कचेरीत काम करते. कोश आमच्या शहराचा. चौक, शाळा, पूर, आगी, पुढारी, सगळं अकारविल्हे. लागले तेव्हा सुवाच्य प्रती काढायला लागले होते, मग दुसऱ्यांच्या नोंदी उतरवता उतरवता स्वतः लिहायला लागले. आमचे संपादक म्हणतात, नोंद म्हणजे गाळून थंड केलेलं पाणी. त्यात राग दिसता कामा नये, लोभ दिसता कामा नये. हे मी घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "मग बरंच झालं. थंड पाण्यातच बुडवू त्याला."

असा आमचा खोटा कोश सुरू झाला. त्यात निवडणूक आई जिंकली होती आणि पुढचा सगळा इतिहास त्या हिशेबाने लिहायचा होता.

पाणीपुरवठा : पहिल्या महिला नगराध्यक्षांच्या कारकिर्दीत शहराच्या सर्व गल्ल्यांत दोन्ही वेळ नळाला पाणी आले व रांगा बंद झाल्या. या कामी नगराध्यक्षांच्या धाकट्या भावाने बादली धरली. पहा : बादली.

बादली : पहा : मामा.

मामांचा पुतळा : शहरातील कोणत्याही चौकात आढळत नाही. कावळ्यांनी याबद्दल वेळोवेळी नाराजी व्यक्त केली आहे.

आई हसायची तेव्हा खुबा दुखायचा, आणि दुखलं की ती आणखी एक नोंद मागायची.

खरा इतिहास असा. आई शाळेचे गणवेश शिवायची. दुकान म्हणजे एक खोली, एक मशीन आणि कापडाचे तागे. गळ्यात नाडीला बांधलेली कात्री. ती कात्री मी तिच्या गळ्यातून फक्त झोपताना उतरलेली पाहिली. आमच्या गल्लीत पाणी आठवड्यातून दोनदा यायचं आणि तेही रांगेत भांडून घ्यावं लागायचं. त्या रांगेतल्या बायकांनी आईला उभं केलं. "तुझी जीभ कात्रीसारखी चालते, तर ती नगरपालिकेत चालव," असं म्हणाल्या. तिकडून उभा होता मामा, आईचा सख्खा धाकटा भाऊ. त्याला शाळेत घालायला आईने स्वतःची शाळा सोडली होती. त्याचा पहिला सदराही तिनेच शिवलेला.

आईला निशाणी मिळाली शिवणयंत्र. ती खूष झाली. मग उमेदवारांची यादी लागली आणि यादीत आई दोनदा निघाली. तेच नाव, तेच आडनाव, नवऱ्याच्या नावाचं आद्याक्षरसुद्धा तेच. ही दुसरी कोण, कुठली, कुणाला माहीत नव्हतं. तिची निशाणी होती कात्री.

आई तेव्हा हसली होती. "बघा, माझ्या नावाला केवढी मागणी आहे."

मग ती प्रचाराला निघाली. दारोदार गेली, रांगेत गेली, गिरणीच्या फाटकाशी उभी राहिली. "शिवणवालीला विसरू नका," म्हणाली. गळ्यात कात्री होतीच. तिच्या ते ध्यानातही नव्हतं. आपण नाक घेऊन फिरतो हे कुठे ध्यानात असतं? मतदानाच्या आदल्या दिवशी एका म्हातारीने तिचा हात दाबला आणि गळ्याकडे बोट करून म्हणाली, "काळजी करू नको गं. आमच्या घरातली सगळी मतं कात्रीलाच."

आईने तिथल्या तिथे नाडी काढली. पण गावभर हिंडून झालं होतं.

आई पडली ती थोडक्यात. दुसरीला त्या फरकाच्या कितीतरी पट मतं पडली. केसाने गळा कापला असं आपण म्हणतो. मामाने कात्रीने कापला, आणि कात्रीही आईचीच. संध्याकाळी तो हारतुऱ्यांसकट दारात आला. "ताई, आशीर्वाद दे." आईने त्याला चहा करून दिला. कप विसळला आणि मशीनवर बसली. आमच्या गल्लीत रोजचं पाणी आलं ते मी मोठी होऊन कामाला लागल्यावर. त्याच्या गल्लीत पुढच्याच महिन्यात आलं.

हे सगळ्या शहराला ठाऊक होतं. लिहिलेलं मात्र कुठेच नव्हतं. आईला आता एवढंच हवं होतं. तिच्या डोळ्यांत मधोमध काळा डाग पडत चालला होता. कडेचं दिसायचं, समोरचं जायचं. "मला दिसतंय तोवर कुठेतरी छापलेलं बघायचंय," ती म्हणायची. "नंतर तू कितीही वाचून दाखवलंस तरी मला वाटेल तू मनचं वाचतेस. तुला ती सवयच लागलीय."

मी संपादकांकडे विषय काढला होता. भला माणूस. म्हणाले, "पुरावा?" मी म्हटलं, "सगळ्यांना माहीत आहे." ते म्हणाले, "सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टी छापल्या, तर कोश नाही राहणार, तुरुंगातला पत्ता राहील."

आणि अशात 'म' अक्षराच्या खंडाचं काम निघालं. मामाचं आडनाव 'म'चंच. मामा पंच्याहत्तर वर्षांचा होत होता, सत्कार समिती नेमलेली होती, सत्काराच्या आधीच्या आठवड्यात खंडाचं प्रकाशन ठरलं. मामा फळांची करंडी घेऊन कचेरीत आला. टेबलाच्या कडेवर बसला, म्हातारपणी पुढारी जसे मोकळे होतात तसा.

"काय गं, माझं लिहितेस म्हणे."

"लिहिते ना मामा. तुमचंच तर लिहीत असते."

त्याने कच्ची नोंद वाचली. कंसात जन्मसाल, मग आडवी रेघ, मग मोकळी जागा. नोंद घरी नेली होती तेव्हा आई त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून म्हणाली होती, "एवढाच भाग मला आवडला."

"तुझ्या आईचा उल्लेख नाही यात," मामा म्हणाला. "घाल की. 'प्रतिस्पर्ध्यांत त्यांच्या भगिनीही होत्या, तथापि कौटुंबिक जिव्हाळा अखेरपर्यंत टिकून राहिला.' शोभून दिसतं. आणि एक फोटो टाकू. मी आणि ताई. मी फोटोवाला घेऊन घरीच येतो. तिला उठवत नसेल ना?"

'तथापि' त्याच्या तोंडून ऐकून मला माझ्याच शब्दाची शिसारी आली.

मी करंडी घरी नेली आणि निरोप सांगितला. मला वाटलं आई करंडीसकट हाकलून देईल. तिने एक सफरचंद चाचपून बघितलं, परत ठेवलं आणि म्हणाली, "ये म्हणावं. काढू फोटो."

"आई?"

"फोटोखाली नावं छापतात ना तुमच्यात? कोण कोण आहे त्याची?"

"छापतात. डावीकडून."

"त्याला पुरावा लागतो?"

"त्याला कशाला लागेल? फोटोत दिसतंच की."

आईने मान वळवून डोळ्यांच्या कडेने माझ्याकडे बघितलं. समोरून तिला मी दिसत नव्हते. "आणि एका नावाची दोन माणसं असली तर?"

"कंसात एक, कंसात दोन असं घालतात."

"मग ती दुसरी जिवंत आहे का, बघून ये."

खोट्या कोशात आम्ही दुसरीलाही सोडलं नव्हतं. 'मतं खाणारी वनस्पती' असं तिचं वर्गीकरण होतं, 'मुळे नसतात, लावणाऱ्याच्या जिवावर वाढते.' ती मला मोठ्या इस्पितळामागच्या जुन्या चाळीत सापडली. इस्पितळाच्या धुलाईत जन्म गेला होता. हात अजून पांढरेफटक, सुरकुतलेले, पाण्यातून आत्ताच काढल्यासारखे. मी कोण ते सांगितलं. तिने आधी मला बसवलं, मग दार लावलं.

"उभी राहिले होते मी," ती म्हणाली. "पडले. पण दणकून पडले. लोक हळूच पडतात."

"तुम्हाला कुणी उभं केलं?"

"तुमच्या मामांनीच की. इथे या खाटेवर बसले होते. मला ताई म्हणाले. बायकांनी पुढे यायला पाहिजे म्हणाले. मी म्हटलं, मला भाषण येत नाही. तर म्हणाले, भाषण कशाला, तुमचं नावच पुरे आहे." तिने पदराने तोंड पुसलं. "मला केवढं बरं वाटलं होतं. माझं नाव पुरे आहे असं मला माझ्या नवऱ्यानेही कधी सांगितलं नव्हतं."

नंतर धुलाईतल्या बायकांनी तिला खरं काय ते सांगितलं. त्यांच्यातल्या निम्म्या पाण्याच्या रांगेतल्याच. कितीतरी दिवस कुणी तिच्या हौदावर हात ओला केला नाही. "आणि ते तुमचे मामा. ताई म्हणून गेले ते गेलेच. एकदा इस्पितळात फीत कापायला आले होते. मी चादरींची गाडी घेऊन समोर उभी राहिले. म्हणाले, बाई, जरा बाजूला."

मी उठले. दारात तिने माझी बाही धरली.

"एक विचारू? तुम्ही कोशात असता म्हणून. सगळीच्या सगळी मतं काही चुकून नसतील ना हो पडली? एखाददुसरं तरी माझं असेल?"

 घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं, हा प्रश्नसुद्धा. तिने खोट्या कोशाचे कागद काढायला लावले. मग म्हणाली, "ती वनस्पती खोड." आणि थोड्या वेळाने, "असतील काही तिची. मला ओळखणाऱ्या काही बायका तिलाच देणार. माझी जीभ कुठे सगळ्यांना झेपायची."

ठरल्या दिवशी आई खुर्चीत बसली, शेजारी तिचं मशीन, झाकण काढून, तेल पुसून. आईच्या निरोपावरून दुसरी आधीच येऊन आत ओट्याशी बसली होती. दोघींनी एकमेकींना पहिल्यांदाच बघितलं. आईने तिला जवळ बोलावलं, डोळ्यांच्या कडेने न्याहाळलं आणि म्हणाली, "यादीत तर माझ्यापेक्षा बारीक वाटली होतीस." मग स्वतःच्या गळ्यातली नाडी काढून तिच्या गळ्यात घातली. कात्री तिच्या पोटावर लोंबायला लागली. "धार लावलेली आहे. जपून."

मामा आला. फोटोवाला आला, सोबत मोठा दिवा. मामाने आईच्या पायांना हात लावला, तसा तो दर निवडणुकीच्या आधी लावायचा. "ताई, किती गोड दिसतेस."

"हो रे. तुला बरीच वर्षं जवळून बघायला वेळ नाही मिळाला. ही माझी एक जुनी ओळखीची आहे. हिलाही घे फोटोत."

मामाने त्या दुसऱ्या बाईकडे पाहिलं. पुढारी पाहतात तसं, पूर्ण चेहऱ्याने आणि काहीच न पाहता. "या की, या ना ताई. लाजताय काय," म्हणाला आणि मधे उभा राहून एक हात आईच्या खांद्यावर, दुसरा तिच्या खांद्यावर ठेवला. आईचा हात मशीनच्या चाकावर होता. दुसरीने कात्री दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. मामा दिव्याकडे बघून हसला.

फोटो निघाला. फोटोवाल्याने खिशातून कागद काढला. "नावं सांगा. खाली टाकायला लागतात."

आईने आपलं पूर्ण नाव सांगितलं.

"यांचं तर माहीतच आहे," तो मामाकडे बघून म्हणाला. "आणि तुमचं, मावशी?"

दुसरीने आपलं पूर्ण नाव सांगितलं.

"नाही, त्यांचं झालं. तुमचं सांगा."

"माझंच सांगतेय."

मामाचा हात अजून तिच्या खांद्यावरच होता. तो काढावा की ठेवावा हे त्याला कळेना. त्याने एकदा मशीनकडे पाहिलं, मग खाली कात्रीकडे. त्याचे कान आधी लाल झाले; लहानपणी चोरी सापडली की व्हायचे तसे, असं आईने मला नंतर सांगितलं. फोटोवाला धंद्याचा पक्का. असा चेहरा फुकट घालवायचा नसतो हे त्याला कळतं. त्याने दुसरा फोटो तेव्हा काढला.

"ताई," मामा हळू आवाजात म्हणाला, "हे बरं नाही."

"काय बरं नाही?"

 ते सांगायचं तर त्याला आधी बरंच काही कबूल करावं लागलं असतं.

"चहा घे," आई म्हणाली. "तेव्हाही घेतलास."

छपाईपूर्वीची पानं मामाकडे गेली. नोंद त्याला हवी तशीच होती, मी एक काना हलवला नव्हता. कौटुंबिक जिव्हाळा अखेरपर्यंत टिकून राहिला होता. संपादकांनी ओळीवर बोट ठेवून विचारलं होतं, "फोटोखालची नावं बरोबर आहेत?" मी म्हटलं, "तंतोतंत." त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, चष्मा काढला, पुसला आणि सही केली. डावीकडून: आईचं नाव, कंसात एक, मग मामा, मग पुन्हा आईचंच नाव, कंसात दोन. एवढंच. त्यात ना राग, ना लोभ. फोटो दुसरा घेतला होता.

मामाचा फोन कचेरीत आला.

"त्या बाईचं नाव काढ."

"काढलंच की मामा. छापून येतंय. अजून किती काढू?"

"चावटपणा नको. फोटोतून काढ."

"का? कुणी परकी आहे का? चूक असेल तर लेखी कळवा, कारणासकट. तसा नियम आहे."

 मग म्हणाला, "कापून टाक तेवढी बाजू."

"कापते. कात्री कुणाची घेऊ?"

त्याने फोन ठेवला. लेखी काही आलं नाही.

खंड निघाला. कोश कोण विकत घेतं? पण ते एक पान शहरभर झालं. इस्पितळाच्या धुलाईत ते हौदामागच्या भिंतीला चिकटवलंय म्हणतात, शिंप्यांच्या दुकानांतून तर आहेच. ज्यांना ठाऊक होतं ते बोट ठेवून दाखवायचे आणि ज्यांना ठाऊक नव्हतं ते विचारायचे, "या दोघी एका नावाच्या कशा?" मग त्यांना सांगावं लागायचं. दोन कंसांच्या मधे मामा उभा. त्याला काय नाव पडणार हे सांगायला कोशाची गरज नव्हती. सत्काराला मागच्या रांगेतून कुणीतरी तेच नाव घेतलं आणि मामाने भाषण अर्ध्यावर आवरलं. समितीने आईला आमंत्रण दिलं होतं. ती गेली नाही. कपडे करून बसली मात्र होती, कुणी येऊन सांगेल म्हणून.

मी पान तिच्या पुढ्यात धरलं. समोर धरून दिसेना, म्हणून डाव्या बाजूला नेलं, मग उजव्या. तिने भिंग लावून कंस शोधला. एक. मग मामाला ओलांडून दुसरा. त्याच्या लाल कानांवर छपाई चांगली आली नव्हती, याची तिला हळहळ वाटली.

"झालं समाधान?" मी विचारलं.

"छे. आत्ता कुठे जीव रमायला लागलाय."

दुसरी आता आठवड्यातून एकदा येते. आईच्या चादरी बघून नाक मुरडते आणि धुऊन देते. परवा दोघी असताना आई म्हणाली, "आपण इतके दिवस मीच जिंकले असं लिहितोय. पण समज, सगळ्याच बायका चुकल्या असत्या तर? माझं एकूण एक मत कात्रीवर पडलं असतं तर?"

दुसरी हसायला लागली आणि मधेच थांबली. "अगं बाई," ती म्हणाली.

मी कागद घेतला.

नगराध्यक्ष (२) : मतदारांनी एकमुखाने केलेल्या चुकीमुळे निवडून आलेल्या पहिल्या महिला नगराध्यक्ष. त्यांनी नगराध्यक्ष (१) यांना शेजारच्या खुर्चीत बसवून कारभार केला. भाषणे (१) यांनी केली, धुलाई (२) यांनी. त्यांना निवडणुकीस उभे करणारे मामा पहिल्याच दिवशी अभिनंदनासाठी दालनाबाहेर येऊन बसले. ते अद्याप तेथेच आहेत. त्यांना आत बोलवावे किंवा कसे, याविषयी (१) व (२) यांच्यात मतभेद आढळतात.

"मतभेद कसले?" आई म्हणाली. "मी म्हणते बसू दे. तू काय म्हणतेस गं?"

दुसरी चादरीची घडी घालत होती. तिने दोन टोकं जुळवली, मग आणखी दोन.

"म्हातारा झालाय," ती म्हणाली. "पाणी तरी विचारावं."

आईने विचार केला. खरोखरच केला, मी तिचा चेहरा बघत होते.

"विचार," ती म्हणाली. "आणि म्हणावं, रांग त्या बाजूने लागते."